मॅनफ्रोटो १९० एक्सप्रो ३ : मधली दांडी खाली ठेवूनच पारखा

ट्रायपॉडच्या खोक्यावर ठळक छापलेली उंची मधली दांडी पूर्ण वर काढून मोजलेली असते. मॅनफ्रोटोच्या या अ‍ॅल्युमिनियमच्या, तीन टप्प्यांच्या (प्रत्येक पायात एकात एक सरकणाऱ्या तीन नळ्या असलेल्या) ट्रायपॉडची ती उंची १६० सेंमी आहे. दांडी खाली असताना ती १३५ सेंमी भरते, आणि घेताना बघायचा आकडा हाच. दांडी वर गेली की कॅमेऱ्याचा सगळा भार एका बारीक नळीवर येतो आणि पाय कितीही दणकट असले तरी वर कॅमेरा डुलतो. पावसाळ्यात बेळगावजवळच्या राजहंसगडावर जो वारा असतो, त्यात दांडी वर काढून अर्ध्या सेकंदाचा फोटो स्पष्ट येणं कठीणच.

साडेपाच फुटी माणसाचे डोळे जमिनीपासून साधारण १५५ सेंमीवर असतात. त्यातून बॉलहेडचे (पायांवर बसणारा, कॅमेरा हवा तसा कलवणारा गोल सांधा) १० आणि व्ह्यूफाइंडरपर्यंतचे आणखी १० सेंमी वजा केले, की १३५ उरतात. म्हणजे मध्यम उंचीच्या माणसाला दांडीला हात न लावता, मान न वाकवता यावर काम करता येतं. याच किमतीच्या आसपास हलके, छोटे घडी होणारे ट्रायपॉड पुष्कळ मिळतात, पण त्यातले बरेच दांडी खाली ठेवली की छातीपर्यंतच येतात.

याचाच चार टप्प्यांचा भाऊ, १९० एक्सप्रो ४, घडी केल्यावर ४९ सेंमी होतो, हा ५९. मोटरसायकलवर पाठीला सॅक लावून चोर्ला घाटाकडे जायचं तर दहा सेंमीचा फरक जाणवतो, हे खरं. तरीही आमचं मत तीन टप्प्यांच्या बाजूने आहे. प्रत्येक खालची नळी वरच्या नळीत शिरते, म्हणून टप्पा वाढला की शेवटची नळी आणखी बारीक होते, आणि ट्रायपॉडचा ताठपणा त्या सगळ्यात बारीक नळीवर ठरतो. शिवाय टप्पा वाढला की प्रत्येक पायाला एक लॉक वाढतं, म्हणजे चिखल शिरायला एक जागाही वाढते.

खानापूर तालुक्यात जांबोटी-कणकुंबीच्या पट्ट्यात हे फार महत्त्वाचं आहे. एरवी पाय उघडताना वरची जाड नळी आधी काढतात आणि बारीक शेवटी. ओढ्यात उभं करायचं असेल तर उलट करा : सगळ्यात खालची नळी आधी पूर्ण ओढा, म्हणजे तिचं लॉक पाण्याच्या वर राहील. तांबड्या मातीचं गढूळ पाणी लॉकमध्ये गेलं की बारीक रेती नळीवर चरे पाडते आणि काही दिवसांनी पाय करकरत सरकतात. घरी आल्यावर पाय पूर्ण उघडून साध्या पाण्याने धुवा, फडक्याने पुसा आणि उघडेच सावलीत वाळवा. तेल घालू नका; तेलाला धूळ चिकटते आणि लॉकची पकडही सुटते. चिकोडी-अथणीकडच्या काळ्या रानात अडचण वेगळी असते. तिथे ओल्या जमिनीत पाय हळूहळू खचतो आणि लांब एक्स्पोजरमध्ये (शटर बराच वेळ उघडं ठेवून काढलेल्या फोटोत) चौकट तिरकी होते. पाय आधी दाबून बसवा, मगच फ्रेम लावा.

यातली लिव्हरची लॉक थंड, ओल्या हातांनीही पटकन उघडतात. वापरून ती सैल होतात, ते त्यांच्या जातीतच आहे. लिव्हरजवळचा स्क्रू थोडा आवळला की पकड परत येते. प्रत्येक पाय चार वेगवेगळ्या कोनांत स्वतंत्र उघडतो. स्वस्तातल्या ज्या ट्रायपॉडांचे पाय मध्ये आडव्या पट्ट्यांनी जोडलेले असतात, त्यांना हे जमत नाही. कातळावर एक पाय वर आणि दोन खाली ठेवायचे म्हटलं की ते निकामी ठरतात.

मधली दांडी आडवी करण्याची सोय हा या मॉडेलचा खास गुण. बेळगावच्या किल्ल्यातल्या कमल बस्तीच्या छतावरचं कमळ टिपायचं तर बॉलहेड पूर्ण मागे कलवावं लागतं आणि कॅमेऱ्याचा तोल जातो. दांडी आडवी केली की कॅमेरा सहज सरळ वर बघतो. फक्त दांडी एका पायाच्या बरोबर वर येईल अशी फिरवा, नाहीतर सगळं उलटं पडेल. आडव्या दांडीला कंप जास्त असतो, म्हणून २ सेकंदांचा टायमर लावाच. पुरातत्त्व खात्याच्या संरक्षित वास्तूंत ट्रायपॉड लावण्याआधी परवानगी विचारून घ्या.

गोकाकच्या धबधब्यासाठी मात्र झुलत्या पुलावर ट्रायपॉड मांडू नका. माणसं चालली की पूल हलतो, आणि त्याच्याबरोबर ट्रायपॉडही. पाणी रेशमासारखं यायला पाव ते दोन सेकंद लागतात. तेवढा वेळ काठच्या खडकावरच मिळतो. वाऱ्यात ट्रायपॉड जड व्हावा म्हणून त्याला पिशवी टांगायची तर ती जमिनीला किंचित टेकू द्या. लोंबती पिशवी झोके घेते आणि कंप वाढवते.

यासोबत हेड येत नाही, ते वेगळं घ्यावं लागतं. सगळे पैसे पायांवर घालून हेड हलकं घेतलं तर उपयोग शून्य. दुकानात स्वतःचा कॅमेरा आणि सगळ्यात जड लेन्स घेऊन जा. व्ह्यूफाइंडरच्या मधोमध एखादा बिंदू धरा, बॉलहेड आवळा, हात सोडा. बिंदू खाली घसरला तर ते हेड नको. मग लाइव्ह व्ह्यू (कॅमेऱ्याच्या पडद्यावरचं चित्र) दहापट मोठा करून पायावर टिचकी मारा : चित्र एक-दोन सेकंदांत स्थिर व्हायला हवं. प्लेट, म्हणजे कॅमेऱ्याच्या तळाला लावून हेडमध्ये अडकवायची पट्टी, शक्यतो आर्का-स्विस धाटणीची घ्या. ती हरवली तर दुसऱ्या कंपनीचीही बहुधा चालून जाते.

पायांचं वजन २ किलो, भार ७ किलोपर्यंत. कागदावर हा भार १५०-६०० मिमीच्या लांब झूम लेन्सला पुरतो, पण घटप्रभा पक्षी अभयारण्यात ६०० मिमीवर करकोचे टिपणाऱ्याने हा घेऊ नये. लांब लेन्सला वारा अडतो आणि बारीकसा कंपही मोठा दिसतो. छापील भार आपल्या सामानाच्या तिप्पट तरी हवा. त्या कामाला मॅनफ्रोटोचाच ०५५ एक्सप्रो ३ घ्या : अडीच किलो वजन, ९ किलो भार, आणि वर बॉलहेडऐवजी गिम्बल (जड लेन्स तोलून धरणारं, सहज फिरणारं हेड).