घरात टेन्शन वाढलं तर फोनवर बोलावं का जिल्ह्याच्या दवाखान्यात जावं?

आपल्या विदर्भात कापूस-सोयाबीनचा भाव पडला, कर्ज थकलं की त्याचा ताण वावरातून सरळ घरात येते, बाप चिडचिड करते, माय रात्रभर जागी अन् लेकरं गप्प. अशावेळी दोन रस्ते आहेत.

एक म्हणजे टेलि-मानस, मनाच्या त्रासासाठीची फोन हेल्पलाइन, नंबर १४४१६. केंद्र सरकारनं ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलं, फुकट आहे, चोवीस तास, मराठीत बोलता येते. आधी समुपदेशक ऐकून घेते, गरज वाटली तर पुढं तज्ज्ञाकडं जोडून देते. सगळ्यात मोठा फायदा म्हंजे गावात कोणाले कळत नाही, मजुरी बुडत नाही, एसटीची वाट पाहा लागत नाही. पण रेंज पाहिजे, अन् दोन खोल्यांच्या घरात सासू-सासरे बसले असताना बाई मन मोकळं कशी करणार? वावरात जाऊन फोन करा, खरंच सांगतो.

दुसरा, जिल्हा रुग्णालयाचा मानसिक आरोग्य विभाग. जाण्यायेण्यात दिवस जाते, लोक "वेड्याचा डॉक्टर" म्हणतात तेही आहेच. पण डॉक्टर समोर बसून तपासते, औषध लिहून देते, नवरा-बायकोले सोबत बसवून बोलता येते, हे फोनवर तितकं जमत नाही.

माझं मत, नुसती काळजी, भांडणं, पोराच्या परीक्षेचं टेन्शन असंल तर आधी फोन. झोप-जेवण कित्येक दिवस बंद, दारू वाढली, तर दवाखाना. अन् कोणी मरायची गोष्ट काढली तर त्याले एकटं सोडू नका, फवारणीचं औषध घरातून हलवा, लगेच १४४१६ लावा अन् त्याच दिवशी दवाखान्यात न्या.