वेळावदर की नरारा? खान्देशातून गाडी काढण्याआधी

समुद्राला जायचं ठरलं की खान्देशातल्या गाड्यांचं तोंड ठरलेलं असतं: दमण, नाहीतर अलिबाग-मुरुड. पण समुद्रकाठचं राष्ट्रीय उद्यान बघायचं म्हटलं की नकाशा बदलतो. मुंबईचं संजय गांधी उद्यान शेवटी डोंगरातलं जंगल. मालवणला १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, राष्ट्रीय उद्यान नव्हे, आणि धुळे-जळगावकराला मालवण म्हणजे राज्याचं दुसरं टोक. त्यापेक्षा नवापूरची हद्द ओलांडून गुजरातेत शिरलं, तर दोन पर्याय हाताशी येतात. भावनगरजवळ खंबातच्या आखाताला लागून वेळावदरचं काळवीट राष्ट्रीय उद्यान आहे, १९७६ सालचं. आणि जामनगरच्या बाजूला कच्छच्या आखातात देशातलं पहिलं सागरी राष्ट्रीय उद्यान आहे, १९८२ सालचं. या दुसऱ्यात बेटं बरीच, पण आपली गाडी थेट किनाऱ्यापर्यंत नेऊन पायी आत उतरता येतं ते नराराला.

दोन्हींत भारी कोणतं, या प्रश्नात फार अडकू नका. वेळावदर सूर्यावर चालतं आणि नरारा चंद्रावर, हे एकदा डोक्यात बसलं की निम्मा निर्णय झालाच. वेळावदरला उद्यान उघडं असेल तेव्हा कुठल्याही दिवशी जा, सकाळची किंवा संध्याकाळची फेरी धरा, काही ना काही दिसतंच. नराराला चुकीच्या तिथीला, चुकीच्या तासाला पोहोचलात तर समोर नुसतं पाणी. आठशे किलोमीटर गाडी हाकून पाणी बघायचं तर हतनूरचं धरण काय वाईट होतं?

सुरतेपर्यंतचा रस्ता दोन्हींना एकच. धुळे, साक्री, कोंडाईबारीचा घाट, नवापूर, सोनगढ, व्यारा, बारडोली. धुळ्याहून सुरत सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास, जळगावकरांनी त्यात नव्वद-पंचाण्णव मिळवायचे, नंदुरबारवाले सगळ्यात सुखी. नकाशावर हे अंतर चार तासांचं वाटतं. प्रत्यक्षात ट्रकांच्या रांगेवर सगळं अवलंबून, म्हणून घाट उजेडातच उतरा. मुलं सोबत असतील तर नवापूर स्टेशनवर दहा मिनिटं थांबायला हरकत नाही. स्टेशन अर्धं महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातेत आहे, एकाच फलाटावर या राज्यातून त्या राज्यात चालत जाता येतं. पोरांना हे उद्यानापेक्षा जास्त लक्षात राहतं, आधीच सांगून ठेवतो.

सुरतेत मुक्कामाची चिंता खान्देशी माणसाने करू नये. उधना-लिंबायतला मामा, मावशी, चुलतभाऊ, निदान गावाकडचं कुणीतरी असतंच. रात्री तिथे टेकायचं आणि पहाटे निघायचं.

खरा फाटा इथे फुटतो. एक रस्ता भरूच-वडोदऱ्यावरून आखाताला वळसा घालून जातो. दुसरा सुरतेजवळच्या हजिऱ्याहून गाडी जहाजात घालून थेट पलीकडे, भावनगरजवळच्या घोघ्याला उतरण्याचा. हजिरा-घोघा रो-पॅक्स सेवा ८ नोव्हेंबर २०२० ला सुरू झाली. सुरुवातीला घोषित केलेली जहाजाची क्षमता अशी: ३० ट्रक, १०० मोटारी आणि ५०० प्रवासी. रस्त्याने सुमारे ३७० किलोमीटर पडतात ते पाण्यातून ९० वर येतात. वेळ तीन-चार तास, म्हणजे रस्त्याच्या मानाने निम्म्याच्या आसपास. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे तेवढा वेळ ड्रायव्हर झोपू शकतो. आधी ही सेवा दहेज-घोघा होती, २०१७ सालची. ती गाळाने बंद पडली. या आखातात येणारा गाळ थोडा आपलाही, कारण भुसावळपासून आपल्या उशाशी वाहणारी तापी हजिऱ्याजवळच समुद्राला मिळते.

बोटीसाठी गाडीचं आणि माणसांचं तिकीट आधी ऑनलाइन काढायचं, नंतर हॉटेल. उलटं केलंत तर सुटीच्या दिवसांत गाडीला जागा मिळणार नाही आणि हॉटेलचे पैसे गेलेले असतील. सुटण्याच्या वेळेच्या बरंच आधी धक्क्यावर पोहोचावं लागतं, गाड्या आत लावायला वेळ जातो. हवामान बिघडलं तर फेऱ्या रद्द होतात, तेव्हा वडोदऱ्याचा रस्ता मनात तयार ठेवा.

आता वेळावदर. घोघ्याहून भावनगर वीसेक किलोमीटर, तिथून उद्यान चाळीस-पंचेचाळीस. म्हणजे धुळ्याहून बोटीने गेलात तर गाडी चालवायची जेमतेम सव्वातीनशे किलोमीटर. रस्त्याने गेलात तर साडेपाचशेच्या घरात, पण त्यात एक सोय आहे: वटामण-धोलेरा मार्गे येताना वेळावदर भावनगरच्या आधीच लागतं, त्यामुळे संध्याकाळची फेरी गाठता येते. मी जाताना बोट आणि येताना रस्ता असं सुचवेन. जाताना सगळ्यांना हौस असते, येताना प्रत्येकाला आपापल्या वेळेला घर गाठायचं असतं.

उद्यान लहान आहे, पस्तीस चौरस किलोमीटरसुद्धा नाही. झाडांचं जंगल मनात धरून गेलात तर निराशा होईल. हे सपाट गवत आहे, भावनगरच्या महाराजांचं जुनं शिकारीचं कुरण, आणि दक्षिणेला भरतीचं पाणी चढतं तो खारपट्टा. ताडोब्यासारखी वाघाची हुरहूर इथे नाही. गाडीतूनच फिरायचं, सोबत वाटाड्या. आणि काळवीट शोधावे लागत नाहीत, ते रस्त्याच्या कडेलाच चरत असतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये नर आपापली छोटी जागा धरून उभे राहतात, मान मागे टाकून, पिळाची शिंगं पाठीला टेकवून. शेजारचा नर हद्दीत आला की शिंगाला शिंग. बाजूला माद्या शांतपणे बघत असतात. लांडगा आणि तरसही इथे आहेत, दिसले तर नशीब.

पण माझ्या मते हिवाळ्यात वेळावदरला जायचं ते काळविटांसाठी नव्हे, भोवत्यांसाठी. भोवत्या म्हणजे हॅरियर, मध्य आशियाकडून येणारे शिकारी पक्षी. रात्री ते झाडावर बसत नाहीत, गवतात जमिनीवर उतरतात, आणि इथली त्यांची सामुदायिक रातथाऱ्याची जागा जगातल्या मोठ्यांपैकी आहे. सूर्य कलला की चारी बाजूंनी ते गवतावर खाली-खाली येऊ लागतात, पंख इंग्रजी व्ही अक्षरासारखे वर धरलेले. एक उतरतो, दुसरा त्याच्या डोक्यावर येताच पुन्हा उठतो, आणि जागेवरून ही कुरबुर अंधार पडेपर्यंत चालते. टोळ-नाकतोडे हा त्यांचा मोठा आहार, दिवसभर ते आसपासच्या शेतांवर फिरून तो टिपत असतात. कापूस पिकवणाऱ्या माणसाला या पक्ष्याबद्दल आपोआप आपुलकी वाटायला लागते.

तणमोर या गवतातल्या दुर्मीळ पक्ष्याचं नाव ऐकून जाणाऱ्यांनी मात्र लक्षात घ्यावं: तो पावसाळ्यात विणीसाठी इथे येतो आणि १६ जून ते १५ ऑक्टोबर उद्यान बंद असतं.

नराराचा हिशोब वेगळा. धुळ्याहून संपूर्ण रस्त्याने आठशे किलोमीटरच्या आसपास, बोट धरली तरी घोघ्यापुढे भावनगर, राजकोट, जामनगर करत साडेतीनशे. जामनगर-द्वारका रस्त्यावरून वाडीनारच्या बाजूला वळायचं. म्हणजे जायला दीड-दोन दिवस, यायला तेवढेच. पाच दिवसांपेक्षा कमी सुटी असेल तर हा विषय काढूच नका.

आधी तारीख, मग सगळं. पौर्णिमा किंवा अमावास्या आणि तिच्या पुढचे-मागचे दोन दिवस, कारण तेव्हा ओहोटी सगळ्यात लांब जाते. अष्टमीच्या सुमारास पाणी धड मागे हटतच नाही. मग त्या दिवसांतली उजेडातली ओहोटी किती वाजता आहे ते पाहायचं. त्यासाठी त्याच भागाचं भरती-ओहोटीचं वेळापत्रक हवं. तिथीला पाऊणने गुणून भरतीची वेळ काढायचा कोकणातला हिशोब तिथे लावू नका, आखाताच्या आत पाण्याच्या वेळा सरकतात. ओहोटीच्या वेळेआधी तास-दीड तास गेटवर असायचं, परवानगी आणि गावचा वाटाड्या घ्यायचा, आणि मागे जाणाऱ्या पाण्याच्या पाठोपाठ आत चालत जायचं. पाणी फिरलं की आपणही फिरायचं. तिथे फोटोसाठी रेंगाळणाऱ्याला वाटाडे ओरडतात, आणि बरोबर ओरडतात.

आत काय आहे? पायाखाली घोट्याएवढं, कुठे गुडघ्याएवढं पाणी, आणि त्यात खडकासारखे दिसणारे, पण जिवंत असलेले प्रवाळ. रंगाने बहुतेक मळकट हिरवे-तपकिरी, टीव्हीवरच्यासारखे लाल-निळे नाहीत. समुद्रफुलं, तारामासे, खेकडे. वाटाडे नजरेचे पक्के असतात. आपल्याला नुसता ओला दगड दिसतो तिथे ते बोट दाखवतात, आणि त्या दगडाची एक बाजू हळूच रंग बदलून सरकायला लागते. तो ऑक्टोपस. पफर मासा हातात घेऊन फुगवून दाखवण्याची काही वाटाड्यांना सवय असते. त्यांना सरळ सांगा, भाऊ, राहू दे, पाण्यातच बघतो. त्या जिवाला फुगणं म्हणजे जीव वाचवायची धडपड असते. शंख-प्रवाळ उचलून खिशात घालणं तर कायद्यानेच गुन्हा आहे. मुलांच्या खिशांवर परतताना जरा नजर ठेवा.

आणखी एक गोष्ट जाहिरातीत दिसत नाही. क्षितिजावर तेलाची जहाजं आणि धक्के सतत समोर असतात, वाडीनार हे तेलाचं मोठं बंदर आहे. निर्जन किनाऱ्याची कल्पना करून जाल तर खट्टू व्हाल. मला स्वतःला ते दृश्य खटकत नाही, उलट इतक्या गडबडीच्या शेजारी हे प्राणी टिकून आहेत याचंच नवल वाटतं.

सोबत कोण आहे यावर पुष्कळ ठरतं. गुडघे दुखणारी माणसं आणि कडेवरची लेकरं नराराला नकोत. दगड धारदार, शेवाळ निसरडं, चपला निघून जातात, जुने कॅनव्हासचे बूट लागतात. आठ-दहा वर्षांपुढच्या मुलांना मात्र यासारखी शाळा नाही. वेळावदरला आजी-आजोबा गाडीत बसून सगळं बघतात. पण घरातल्या राजकारणात नरारा वेगळ्याच कारणाने जिंकतो: तिथून पुढे द्वारका. जामनगरपासून द्वारका एकशेतीस किलोमीटर, आणि बेट द्वारकेला जायला फेब्रुवारी २०२४ पासून सुदर्शन सेतू झालाय, होडीची कटकट संपली. आईला द्वारका म्हणा, ती स्वतः बॅग भरायला घेते. पक्ष्यांची आवड असेल तर जामनगरजवळचं खिजडिया अभयारण्य याच फेरीत जोडा. एका बांधाच्या अलीकडे गोडं पाणी, पलीकडे खारं, त्यामुळे दोन्हीकडचे पक्षी एकाच ठिकाणी.

वेळावदरच्या बाजूलाही जोड कमी नाही. पालिताण्याचा शत्रुंजय, म्हणजे जैन मंदिरांचा डोंगर आहे. अलंगला जुनी जहाजं तोडतात आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना जहाजांतून निघालेल्या पलंग, कपाटं, ताटल्यांची दुकानं लागतात. या आखातात भरती-ओहोटीतला फरक भावनगरजवळ दहा मीटरच्या घरात जातो, म्हणूनच भरतीला जहाज थेट किनाऱ्यावर चढवता येतं. नरारा जमणार नसेल तर हीच ओहोटी कोळियाकला निष्कलंक महादेवाला बघा. समुद्र मागे हटला की पाण्यातल्या शिवलिंगांपर्यंत चालत जाता येतं. भावनगरहून अर्ध्या-पाऊण तासाचं काम आहे, पण वेळ तिथेही ओहोटीचीच धरावी लागते.

दिवाळीच्या सुटीत जायचं असेल तर माझं मत वेळावदरला. तोवर उद्यान उघडलेलं असतं आणि गवत पुरुषभर नसलं तरी चांगलं उंच असतं. अमावास्येमुळे नराराची ओहोटीही तेव्हा उत्तम, हे खरं. पण लाभपंचमीपर्यंत अख्खा गुजरात फिरायला बाहेर पडतो आणि द्वारका-सोमनाथच्या रस्त्यावर खोली मिळता मिळत नाही. नराराला जानेवारीतली पौर्णिमा धरा, फक्त १४ जानेवारीच्या आसपास सुरतेतून दुचाकीने जाऊ नका, पतंगाचा मांजा गळ्याशी येतो.

मुक्काम वेळावदरला वनखात्याच्या काळियार भवनात मिळाला तर सोनं, नाहीतर भावनगर. नरारासाठी जामनगर. जेवणाचं म्हणाल तर गोड डाळीने तिसऱ्या दिवशी आपलं तोंड आंबतं, म्हणून दशम्या, ठेचा आणि शेंगदाण्याची चटणी घरूनच. पण काठियावाडी ढाब्यावर ओळो आणि बाजरीचा रोटला जरूर मागवा. ओळो म्हणजे त्यांचं वांग्याचं भरीत. आपल्या भरताशी तुलना होणारच, भांडण मात्र ढाब्यावर काढू नका.

स्वतःच्या खासगी गाडीला हद्द ओलांडायला वेगळा परवाना लागत नाही. आरसी, विमा, पीयूसी आणि फास्टॅगमध्ये पैसे, एवढं पुरे. भाड्याची टुरिस्ट गाडी घेणार असाल तर परराज्याचा कर कुणी भरायचा आणि बोटीचं गाडीचं तिकीट कुणाच्या खिशातून, हे निघण्याआधीच बोलून घ्या. आणि गुजरातेत दारूबंदी आहे. मित्रांचा ग्रुप असेल तर नवापूरच्या अलीकडेच डिकी एकदा उघडून बघा.