धुऊन रंगवलेले शॉकअप आणि ब्रेक घेऊ नका

आमची गाडी २०१२ ची, पेट्रोलवरची. गाव चांदूर बाजार तालुक्यात, घरी संत्र्याची बाग. डांबरी रस्ता सोडला की घरापर्यंत पावणेदोन किलोमीटर पांदण आहे. गिट्टी टाकली, पण वरून रोलर कधी फिरला नाही. आईच्या मणक्याचं ऑपरेशन झाल्यापासून अमरावतीला तपासणीला नेताना प्रत्येक खड्ड्याला ती "अगं माय" म्हणायची आणि मला स्टेअरिंगवर घाम फुटायचा. पुढचे शॉकअप थकले होते. घरचे चार जण आणि डिक्कीत दोन कॅरेट संत्रा असला की गाडीचं पोट दगडाला लागायचं.

नव्या मालाचा भाव विचारला, तर स्प्रिंग, शॉकअप, ब्रेकची डिस्क आणि तिला पॅडनं दाबून धरणारा कॅलिपर मिळून ३० हजारांच्या वर जात होता. मावसभाऊ म्हणाला, कबाडीत बघ, टोटल लॉस गाड्यांचा कंपनीचाच माल निघतो. ही कल्पना खोटी नाही. दुरुस्तीचा खर्च गाडीच्या विम्याच्या किमतीच्या ७५ टक्क्यांवर गेला की विमा कंपनी ती टोटल लॉस धरते. मागून ठोकलेल्या गाडीचा पुढचा माल अगदी शाबूत राहू शकतो. आमच्याच गाडीच्या वरच्या मॉडेलला पुढं मोठी डिस्क होती. तीच टाकू म्हटलं, म्हणजे ब्रेकही सुधारतील.

कबाडीवाला बोलायला फार गोड. गावाचं नाव सांगितलं तर त्याच्या कोणत्या सोयऱ्याची आमच्या शेजारच्या गावी वाडी आहे, ते सांगू लागला. "भाऊ, आईसाठी घेऊन राहिले ना तुम्ही? मंग मी तुम्हाले खराब माल देईन का? वर तोंड दाखवा लागते." मोबाइलवर मागून चेपलेल्या गाडीचा फोटो दाखवला, १८ हजार किलोमीटर चालली म्हणे. एक शॉकअप माझ्या हातात दिला. मी दांडा दाबला. जड जात होता, आणि सोडला तसा सावकाश आपोआप वर आला. गॅस भरलेला शॉकअप चांगला असला की असाच वर येतो. तो शॉकअप चांगलाच होता. फक्त माझ्या गाडीत बसवला तो दुसराच.

सौदा २१,५०० वर ठरला. वर म्हणाला, "जुना माल सोडून द्या, हजार कमी करतो." मी हो म्हटलं. सगळ्यात मोठी चूक हीच झाली, कारण माझ्या गाडीचा थकलेला पण खरा माल त्या दिवशी त्याच्या टिनाच्या शेडमध्ये गेला आणि परत जायची वाटच बंद झाली. बसवायला त्याचीच पोरं. "इथं ऊन हाय भाऊ, चौकात जाऊन चहा घ्या, कचोरी खा." मी गेलो. तासाभरानं आलो तर दोन्ही चाकांत काळेशार, चकचकीत पार्ट बसलेले. मी खूशच झालो. बिल मागितलं तर वहीच्या पानावर नुसता आकडा लिहून दिला. पैसे फोनवरून पाठवले ते दुकानाच्या नावावर नाही, कुठल्या तरी तिसऱ्याच माणसाच्या खात्यावर.

गाडी पुढून दोन बोटं उंच झाली होती. मला तोही फायदाच वाटला. रात्री समोरून येणारे मोटरसायकलवाले हात दाखवत होते, लाइट डोळ्यांवर येतो म्हणून. एकाएकी इतकी उंची का वाढली, हे तेव्हाच विचारायला पाहिजे होतं. तीन आठवड्यांत डावी बाजू बसली आणि गाडी एका कुशीवर झाली.

मग चिखलदरा. बहीण-भाऊजी सुट्टीत आले होते, आईलाही घेतलं. जाताना काही कळलं नाही, चढावर ब्रेकचं काम किती पडतं! उतरताना मोथा गावाच्या खाली वळणं सुरू झाली आणि डाव्या चाकाकडून जळल्यासारखा वास यायला लागला. भाऊजी म्हणाले, कुणाच्या तरी ट्रकचा असेल. पुढच्या वळणावर ब्रेक दाबला तर पेडल मऊ, लोण्यात पाय गेल्यासारखं, थेट खाली. मी दुसऱ्या गिअरमध्ये होतो. पहिला टाकला, इंजिन किंचाळलं, हँडब्रेक थोडा-थोडा ओढत गेलो आणि डोंगराच्या बाजूच्या नालीत चाक घालून गाडी थांबवली. दुसऱ्या बाजूला दरी होती. आई काही बोलली नाही. तिनं नुसता माझा शर्ट मागून घट्ट धरून ठेवला होता.

चाकातून धूर निघत होता. तासभर थांबलो. थंड झाल्यावर पेडल परत आलं आणि पहिल्या गिअरवर आम्ही परतवाड्याला उतरलो.

दुसऱ्या दिवशी गावच्या मिस्त्रीनं चाक खोललं. कॅलिपरच्या पिस्टनला गंजाचे खड्डे होते, वरून पॉलिश पेपर मारून गुळगुळीत केलेले. आतलं रबर जुनंच, कडक झालेलं. त्यामुळे पाय काढला तरी डाव्या चाकाचा पिस्टन मागं सरकत नव्हता आणि पॅड डिस्कला सारखा घासत होता. घासून डिस्क तापली, उष्णता ब्रेक ऑइलपर्यंत गेली आणि ऑइल उकळलं. डॉट ३ प्रकारचं नवं ब्रेक ऑइल २०५ अंशांच्या वर उकळतं, पण हवेतला ओलावा शोषलेलं १४० च्या आसपासच उकळू शकतं. ऑइलची वाफ झाली की पेडल फक्त वाफ दाबतं, चाकापर्यंत जोर पोचतच नाही. त्या पोरांनी ऑइलही बदललं नव्हतं.

डिस्कच्या कडेला कमीत कमी जाडी उमटवलेली असते. आमच्या डिस्कवर तिथंच रंग थापलेला. मिस्त्रीनं थिनरच्या बोळ्यानं पुसलं तर १८ मिमी वाचता आलं. व्हर्नियर लावला, १७.१ भरली. म्हणजे बाद झालेली डिस्क लेथवर घासून नवी दाखवली होती. शॉकअपच्या बुडाशी रंगाखाली वेल्डिंगचा टिपका सापडला. छिद्र पाडून आत घट्ट गिअर ऑइल भरायचं आणि टाका मारून बंद करायचं. हाताला कडक लागतो, पण रस्त्यावर शॉकअपचं काम करत नाही.

स्प्रिंगचं कोडं गावच्या लोहारकाकांनी सोडवलं. वखराच्या पासा, कुऱ्हाडी यांना पाणी देण्यात त्यांचं आयुष्य गेलं. त्यांनी ती पुढची स्प्रिंग मांडीवर घेतली, कानस दोनदा फिरवली, आणि माझ्याच गाडीच्या मागच्या, मूळच्या स्प्रिंगवर एकदा. मागच्या स्प्रिंगवर कानस घसरत होती. पुढच्या स्प्रिंगचा चक्क कीस पडला. तो चिमटीत धरून म्हणाले, "याचं पाणी उतरलं बाप्पा. गॅसवर लाल करून ताणली हाय हे. पोलाद लाल झालं अन् तसंच थंडं होऊ देलं, का त्यात जीव नाही राहत." ती वाढलेली दोन बोटं उंची ही होती.

मी परत गेलो. तोच माणूस, पण सोयऱ्याचं नाव आता आठवेना. "मिस्त्रीनं खोललं ना? मंग माही जबाबदारी नाही. बिल दाखवा." ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ नंबरवर तक्रार नोंदवली आहे आणि जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज देत आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथं फी लागत नाही, दोन वर्षांच्या आत जावं लागतं आणि २०१९ च्या कायद्यानं आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. अडचण पुराव्याची आहे. पैसे गेल्याचं फोनवर दिसतं, कशाचे गेले ते दिसत नाही.

कबाडीतून घ्यायचंच असेल तर दार, आरसा, लाइट घ्या. ब्रेक आणि स्प्रिंग नवीन घ्या. तेही शक्य नसेल तर पार्ट ज्या गाडीचा आहे त्या गाडीला लागलेला असतानाच बघा, मातीसकट, आणि डोळ्यांसमोर खोलून घ्या. कंपनीच्या स्प्रिंगवर रंगाचे छोटे ठिपके असतात, कोणत्या मॉडेलची ते ओळखायला. सगळीकडून काळी केलेली स्प्रिंग दिसली की हात लावू नका. मोठी डिस्क-कॅलिपर टाकायचा विचार असेल तर मास्टर सिलिंडर, म्हणजे पेडल दाबल्यावर ऑइल चाकाकडे ढकलणारा पंप, पुरेल का, हे आधी जाणत्या मिस्त्रीला विचारा. कॅलिपरचा पिस्टन मोठा झाला की त्याला ऑइल जास्त लागतं आणि पेडल खोल जातं. मला हे कुणी सांगितलं नव्हतं.

शेवटी सगळा पुढचा माल नवा, पक्क्या बिलावर बसवला, ३३,४०० रुपयांत, मूळ मापाचाच.

ज्यांनी असा रंगवलेला माल आधीच बसवला असेल त्यांनी स्प्रिंगवर कानस मात्र फिरवू नये, तिचा वळ पडला की तिथूनच स्प्रिंग तडकते. आठ-दहा किलोमीटर चालवून थांबा आणि चाकाजवळ हात न्या, जाळीला चिकटवू नका. पुढच्या एका चाकाची धग पुढच्याच दुसऱ्या चाकापेक्षा जास्त लागली, किंवा जॅकवर उचलल्यावर ते हातानं फिरवताना अडलं, तर गाडी मिस्त्रीकडे चालवत नेऊ नका, मिस्त्रीला घरी बोलवा.