रत्नागिरीतला रविवारचा तत्त्वज्ञान वर्ग, जावं का?

वाचनालयाच्या वरच्या खोलीत रविवारी संध्याकाळी चालतो, विषय श्रद्धा, नीती आणि इच्छास्वातंत्र्य, फी नाममात्र. मला वाटलेलं प्रवचन असेल, पण छे, सरांनी सुरुवातच देवाला कौल लावण्यापासून केली. देवाला पाकळी लावली, उजवी पडली की होकार, मग असा कौल घेऊन जमवलेलं लग्न ठरवलं कोणी, देवाने, गुरवाने की बापाने? नुसता गोंधळ! एक काकू म्हणाल्या, "अहो डावा कौल आला तर आम्ही प्रश्न फिरवून परत विचारतो", सगळे हसले पण मुद्दा तिथेच निघाला ना.

मग तत्त्वज्ञ स्पिनोझाचा फेकलेला दगड (त्याला भान असतं तर म्हणाला असता, मी माझ्या मर्जीने उडतोय), लिबेट या शास्त्रज्ञाचा १९८३ चा मेंदूवरचा प्रयोग (आपण ठरवलं असं वाटायच्या आधीच मेंदूत हालचाल सुरू झालेली असते म्हणे), आणि आपल्या रत्नागिरीच्याच टिळकांचं गीतारहस्य, त्यात कर्मविपाक (म्हणजे कर्माचं फळ) आणि आत्मस्वातंत्र्य असं अख्खं प्रकरण आहे, मंडालेच्या तुरुंगात बसून माणूस स्वातंत्र्यावर लिहितोय म्हणजे बघा. हा भाग एक नंबर. सॉक्रेटिसचा प्रश्न, चांगलं आहे म्हणून देवाला आवडतं की देवाला आवडतं म्हणून चांगलं, हा मात्र घाईत गुंडाळला, आणि नीतीवर एवढं लिहिणाऱ्या जर्मन तत्त्वज्ञ कांटला तर हातच लावला नाही.

झेरॉक्स पुसट, फॅन खडखडतो, मागे बसलात तर काही ऐकू येणार नाही. वाद घालायची खाज असेल तर जाच, नुसतं ऐकून मान डोलवायची असेल तर कंटाळाल. पावसात जिना निसरडा होतो, आजीआजोबांना नेताना सांभाळून.