उपग्रह की आर्गो?

२०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. आदल्या वर्षी प्रशांत महासागरात एल निनो होता, म्हणजे तिथलं पाणी नेहमीपेक्षा तापलं होतं; अशा वर्षी आपला पाऊस बहुधा ओढ देतो. तेव्हापासून आमच्या पारावरही समुद्राच्या तापमानाची चर्चा रंगते: ते मोजायला उपग्रह बरा, की समुद्रात तरंगणारी आर्गो नावाची यंत्रं?

उपग्रह रोज मोठाले पट्टे बघतो. पाणी तापून प्रवाळ पांढरे पडण्याचा इशारा त्याच्याच आकड्यांवर निघतो. पण त्याला दिसते ती वरची साय. ढग आले की इन्फ्रारेड डोळा मिटतो, तोही ऐन पावसाळ्यात!

आर्गोचं नळकांडं साधारण दहा दिवसांनी २००० मीटरवरून वर येतं, वाटेत तापमान आणि क्षारता मोजतं. जगभरात अशी सुमारे ४००० आहेत, आकडे सगळ्यांना फुकट. विरळ आहेत, खरंय. तरी पावसाच्या अंदाजासाठी माझं मत आर्गोलाच. उष्णता साठते ती सायीखाली.