साडेबाराच्या आधी आडवं व्हायचं नाही: सीबीटी-आयचे सात महिने

गेल्या आषाढापर्यंत माझं ठरलेलं होतं. दहाला आडवी, बाराला टक्क जागी, पहाटे डोळा लागला की साडेसहाचा गजर. मनगटावरचं घड्याळ रोज सकाळी झोपेला मार्क द्यायचं आणि ते बघूनच मी ठरवायचे, आज बरं वाटतंय की नाही. या वेडाला २०१७ मध्ये ऑर्थोसोम्निया असं नावही मिळालंय म्हणे. समुपदेशक बाईंनी पहिल्या भेटीत घड्याळ काढायला लावलं आणि झोपेच्या नोंदींची वही घालायला सांगितली.

सीबीटी-आय म्हणजे निद्रानाशासाठीची कॉग्निटिव्ह बिहेविअरल थेरपी, झोपेबद्दलचे विचार आणि सवयी बदलायचा उपचार. जुनाट निद्रानाशावर गोळीच्या आधी हीच द्या, असं अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स या डॉक्टरांच्या संघटनेने २०१६ मध्येच सांगितलंय. मला ती येणाऱ्या बाई सापडायलाच दोन महिने गेले.

दोन आठवड्यांच्या वहीत निघालं काय, तर अंथरुणात साडेआठ तास आणि झोप साडेपाच. म्हणजे अंथरुणातल्या वेळेपैकी झोप ६५ टक्केच. "मग साडेपाचच तास अंथरूण वापरा," बाई म्हणाल्या. साडेबारा ते सहा. झोप येत नाही म्हणून गेले, तर जागायला सांगितलं! मानसशास्त्रज्ञ आर्थर स्पीलमन यांनी १९८७ मध्ये मांडलेली ही रीत. जागेपण साठलं की झोपेची ओढ वाढते, आणि तुटक झोप सलग होते. आठवडाभर ८५ टक्क्यांच्या वर राहिलात तर १५ मिनिटं वाढवून मिळतात. पगारवाढ याहून सोपी.

खरा छळ संध्याकाळनंतरचा. साडेनऊपासून पेंग, घर चिडीचूप. सोफ्यावर टेकलं की मान कलंडायची, म्हणून ओट्यापाशी उभी राहून मोड आलेले वाल सोलायचे. त्या श्रावणात आमच्याकडे आठवड्यातून तीनदा डाळिंब्यांची उसळ झाली. सासूबाईंना वाटलं आमचं बिनसलंय. "मी बोलू का त्याच्याशी?"

पहिले तीन आठवडे वाईटच गेले. वर्गात एकच गणित फळ्यावर दोनदा लिहिलं. स्कूटर बंद, रिक्षाने शाळा. बाईंनी आधीच फिट्स आणि बायपोलर या मनोविकाराबद्दल खोदून विचारलं होतं, कारण जागरणाने दोन्ही उसळू शकतात. तेव्हा व्हिडिओ बघून घरच्या घरी सुरू करू नका.

दुसरा नियम मानसशास्त्रज्ञ रिचर्ड बूटझिन यांचा, १९७२ चा: गादी झोपेपुरतीच, झोप येत नसेल तर उठून बाहेर. माझ्या गादीवर पेपर तपासणं, फोन, उद्याचा डबा, सगळंच चालायचं. एका रात्री चारदा उठले. चौथ्यांदा हॉलमधल्या पडद्याच्या कड्या मोजल्या. अठरा.

आता अकरा ते सहा, त्यात झोप सव्वासहा तास. दिवाळीत पाहुण्यांनी घर भरलं आणि दोन आठवडे मागे गेले, पण परत वही काढली. झोपेची गोळीही डॉक्टरांना विचारून हळूहळू सुटली.

परवा मध्यरात्री कुत्र्यांनी जाग आणली. किती वाजले होते सांगता येणार नाही, खोलीत आता घड्याळच नाही.