फ्रिस्बीसाठी मुद्गल की टॉवेल?
बेळगाव, निपाणीकडच्या तालमींत मुद्गल, म्हणजे फिरवायचा जड लाकडी सोटा, ओळखीचा, म्हणून फ्रिस्बी खेळणारी पोरंही आधी तोच उचलतात. पकडीसाठी उत्तमच. ३-४ किलोचा घ्या, मूठ टोकाकडे धरा; प्रत्येक हाताने १० फेरे, असं ३ वेळा, आठवड्यातून दोन दिवस. खानापूरच्या पावसात ओली डिस्क निसटू लागते तेव्हा हीच पकड कामाला येते.

पण वेग? तो यातून फारसा येत नाही. अल्टिमेट या फ्रिस्बीच्या सांघिक खेळाची डिस्क अवघी १७५ ग्रॅमची. जड मुद्गल सावकाशच फिरतो.

वेगासाठी टॉवेल. एक टोक हातात धरा, दुसरं ओलं करा. बॅकहँडच्या, म्हणजे हात शरीरासमोरून आडवा नेऊन फेकायच्या, वाटेने आधी कोपर पुढे, मग हात, शेवटी मनगटाचा झटका. उजव्या हाताने फेकणाऱ्याला ‘सट्ट’ आवाज उजव्या खांद्यासमोर यायला हवा. आधीच आला तर मनगट लवकर सुटतंय. ८ झटके, मिनिटभर विश्रांती, ४ फेऱ्या. आवाज मंदावला की थांबा. मूठ सुरुवातीपासून आवळली तर हात आखडतो, ती आवळायची झटक्याच्या, म्हणजे डिस्क सोडायच्या क्षणी.

एकच करायचं तर टॉवेल. दोन्ही करणार असाल तर वेगवेगळ्या दिवशी, कारण थकलेल्या बोटांनी झटके मारले की कोपराची बाहेरची बाजू दुखायला लागते.